बाणाची काडी आणि मावळातला बांबू : साध्या वस्तूतून संशोधनाचा प्रश्न कसा बांधायचा?

पीएचडीची तयारी करणारे विद्यार्थी भेटले की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "विषय आवडीचा आहे, पण त्यात संशोधन काय करायचं तेच कळत नाही." पेट परीक्षा झालेली असते, गाइडशी बोलणंही झालेलं असतं. सिनॉप्सिस लिहायला बसलं की मात्र पहिल्या पानावरच गाडी अडते. कारण आपल्याकडे विषय असतो, प्रश्न नसतो. 'पारंपरिक धनुर्विद्या' हा विषय झाला. 'मावळातल्या आदिवासींची हत्यारं' हाही विषयच. त्यात शोधायचं काय, मोजायचं काय आणि कशाच्या आधारावर 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, हे ठरलं की प्रश्न तयार होतो.

या लेखात आपण एकच लहानशी वस्तू घेऊ: बाणाची काडी. म्हणजे टोक आणि पिसं सोडून उरणारा बाणाचा दांडा. जागा घेऊ मावळ आणि लोणावळा परिसर. एका काडीतून वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा आणि माणसं एकेक करून कशी पुढे येतात ते बघू. तुमचा विषय वेगळा असला तरी पायऱ्या त्याच राहतील.

१. आधी शब्द नीट करा

इंग्रजी पुस्तकांत बाणाच्या काडीसाठी 'बांबू' आणि 'केन' असे दोन शब्द शेजारी शेजारी दिसतात. आपण 'केन' म्हणजे वेत असं भाषांतर करतो आणि पुढे जातो. इथेच पहिला घोटाळा होतो.

वेत हा ताडाच्या कुळातला काटेरी वेल आहे. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या दाट, ओल्या जंगलांत तो वाढतो. आतून भरीव आणि लवचिक असतो, म्हणून त्याच्या खुर्च्या होतात आणि एकेकाळी मास्तरांच्या हातातली छडीही व्हायची. वाकवला की वाकतो, आणि बराच वेळ वाकवून ठेवला तर तसाच राहतो. छडीसाठी हा गुण असेल, बाणासाठी तो दोष आहे. बाणाच्या काडीला वाकून लगेच सरळ व्हायचं असतं.

मग इंग्रजीतला 'केन' म्हणजे नेमकं काय? बहुतेक वेळा तो वेत नसतोच. तो असतो बारीक, पोकळ, पेराचा गवती दांडा. आपल्याकडे ज्याच्या लेखण्या व्हायच्या त्या बोरूच्या जातीचा, किंवा बारीक बांबूचा. बांबू काय, बोरू काय, ऊस काय, सगळे गवताच्या कुळातले. वेत मात्र त्या घरातला नाही.

आपल्या जुन्या भाषेत हा फरक स्पष्ट होता. संस्कृतमध्ये 'शर' म्हणजे बाण आणि 'शर' म्हणजे एक उंच गवतही. 'कांड' म्हणजे दोन पेरांमधला भाग आणि त्याचाच अर्थ बाण असाही होतो. कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात बाणांचे प्रकार येतात, त्यांत वेणु म्हणजे बांबूचा आणि शर म्हणजे गवताच्या काडीचा, असे दोन वेगळे धरले आहेत. जपानमध्ये बाणासाठी वापरल्या जाणाऱ्या एका बारीक बांबूचं नावच 'यादाके' आहे, 'या' म्हणजे बाण आणि 'ताके' म्हणजे बांबू. वस्तू आणि वनस्पती यांना एकच नाव मिळावं इतकं त्यांचं नातं जवळचं.

मराठीत तर 'तिरकमठा' हा शब्दच बघा. तीर फारसीतून आलेला, आणि कमठा म्हणजे धनुष्य. बांबूच्या चिरलेल्या पट्टीला आपण कामटी म्हणतो, त्याच्या अगदी शेजारचा हा शब्द.

संशोधनाच्या भाषेत या पायरीला 'कार्यकारी व्याख्या' म्हणतात. तुमच्या प्रबंधात 'बांबूचा बाण' असं लिहिलं, तर तो अख्ख्या बारीक बांबूचा, की जाड बांबू चिरून तासलेल्या कामटीचा? दोन्ही बांबूचेच, पण वागायला वेगळे. का वेगळे ते पुढे येईलच.

२. काडीला काम काय असतं?

बाण सरळ जातो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो मासळीसारखा वळवळत जातो. धनुष्याची मूठ बाणाच्या अगदी वाटेत असते. दोरी ओढलेली असताना बाण मुठीच्या एका कडेला टेकलेला असतो, आणि दोरी सुटल्यावर धनुष्याच्या मध्याकडे धावते. म्हणजे बाणाचं मागचं टोक मध्यावर येतं आणि अंग मात्र कडेला अडलेलं. मग बाण मुठीवर आपटून भरकटत कसा नाही?

कारण तो वाकतो. दोरीचा जोर मागून येतो, पुढचं टोक जड असतं, मधली काडी बाक घेते आणि मुठीला वळसा घालून निघून जाते. या कोड्याला इंग्रजीत 'आर्चर्स पॅराडॉक्स' म्हणतात. रॉबर्ट एल्मर या अमेरिकी तिरंदाज-लेखकाने हे नाव रूढ केलं, आणि पॉल क्लॉपस्टेग या भौतिकशास्त्रज्ञाने अतिजलद छायाचित्रणाने बाण खरोखरच वाकून जातो हे दाखवलं. त्याचा धनुष्यबाणाच्या भौतिकशास्त्रावरचा प्रसिद्ध लेख १९४३ सालचा.

आता मुद्दा असा, की बाक योग्य तेवढाच हवा. बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवणाऱ्या उजव्या हाताच्या तिरंदाजाची काडी फार ताठ असेल तर बाण डावीकडे जातो, फार लवचिक असेल तर उजवीकडे. अंगठ्याने दोरी ओढणाऱ्या आशियाई पद्धतीत बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला बसतो, तिथे हे उलट होतं.

थोडा हिशोब करू. ७५ सेंटीमीटर लांब, साधारण ३० ग्रॅमची, मध्यम ताठ काडी घेतली, तर दांडीच्या कंपनाच्या सूत्राने ती सेकंदाला सुमारे ६० वेळा हलते. म्हणजे एक हेलकावा सुमारे १७ मिलिसेकंदांचा. दोरी बाणाला अर्धा मीटर ढकलत सेकंदाला ४५ मीटरचा वेग देत असेल, तर त्याला लागणारा वेळही १७-१८ मिलिसेकंदांच्या आसपासच येतो. बाण धनुष्य सोडेपर्यंत काडीचा जवळजवळ एक हेलकावा पुरा होतो. ही वेळ जमली की बाण मुठीला न घासता निघतो. टोक जड केलं की कंपन आणखी मंदावतं, काडी लांब ठेवली तरी मंदावतं. म्हणून 'चांगली काडी' अशी कुठलीही स्वतंत्र वस्तू नसते. एका धनुष्याला, एका टोकाला आणि एका लांबीला जुळणारी काडी असते.

३. ताठपणा मोजायचा कसा?

ही पायरी स्वयंपाकघराच्या ओट्यावरही करता येते. जुन्या लाकडी बाणांची पद्धत अशी: काडी दोन टेकूंवर आडवी ठेवायची, टेकूंमधलं अंतर २६ इंच, म्हणजे ६६ सेंटीमीटर. बरोबर मध्यावर २ पाउंड, म्हणजे ९०७ ग्रॅम वजन टांगायचं. काडी किती खाली झुकली ते मोजायचं. २६ ला झुकावाच्या इंचांनी भागलं की येणाऱ्या आकड्याला त्या काडीचा 'स्पाइन' म्हणतात, पाउंडांत. मिलिमीटरमध्ये मोजत असाल तर ६६० ला भागा. झुकाव १३.२ मिलिमीटर असेल तर स्पाइन ५०, १६.५ असेल तर ४०, ११ असेल तर ६०. आधुनिक कार्बन बाणांसाठी अंतर २८ इंच आणि वजन ८८० ग्रॅम धरतात आणि आकडाही वेगळ्या रीतीने लिहितात. दोन्ही पद्धतींचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नका.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. झुकाव मोजताना १ मिलिमीटर इकडेतिकडे झालं, तर १३.२ च्या जागी १२.२ येतं आणि स्पाइन ५० ऐवजी ५४ निघतो. लाकडी काड्या बाजारात साधारण ५-५ पाउंडांच्या गटांत विकल्या जातात. म्हणजे शाळेच्या पट्टीने मोजलं तर तुमची चूक जवळजवळ एका गटाएवढी. म्हणून डायल गेज हवा. शिवाय प्रत्येक काडी तीनदा मोजायची आणि तिन्ही आकडे लिहून ठेवायचे, फक्त सरासरी नाही. उपकरण कुठलं घ्यायचं हे प्रश्नातल्या फरकाच्या आकारावरून ठरतं. प्रयोगशाळेत आधीच काय पडून आहे यावरून ते ठरवायचं नसतं.

आता सूत्र. दोन टेकूंवरच्या दांडीचा झुकाव म्हणजे वजन गुणिले लांबीचा घन, भागिले ४८ गुणिले ताठपणा. ताठपणात दोन गोष्टी येतात: पदार्थ किती कणखर आणि आकार कसा. बांबूचा तंतूंच्या दिशेचा लवचिकता गुणांक साधारण १० ते २० गिगापास्कल. १५ धरला, तर ५० पाउंड स्पाइनसाठी भरीव गोल काडीचा व्यास सुमारे ८.६ मिलिमीटर येतो.

आणि हा व्यास चौथ्या घातात येतो. ८ मिलिमीटरची काडी ९ मिलिमीटर केली तर ताठपणा ६० टक्क्यांनी वाढतो. नुसता अर्धा मिलिमीटर वाढवला तरी २७ टक्के. दोन काड्या हातात घेऊन आपल्याला सारख्याच वाटतात, आणि एक डावीकडे जाते, एक उजवीकडे. कारण हा चौथा घात.

पोकळपणाचा फायदाही इथेच दिसतो. बाहेरचा व्यास ९ आणि आतली पोकळी ३ मिलिमीटर असेल, तर भरीव काडीच्या तुलनेत वजन ११ टक्क्यांनी कमी होतं, ताठपणा मात्र फक्त सव्वा टक्क्याने. मधला माल ताठपणाला फारसा हातभार लावत नाही, नुसतं वजन वाढवतो.

पण सूत्राची मर्यादाही सिनॉप्सिसमध्ये लिहा. सूत्र धरून चालतं की काडी सगळीकडून एकसारखी आहे. बांबू तसा नसतो. त्याचे कणखर तंतू बाहेरच्या सालीकडे दाट आणि आत विरळ असतात. काडी सरळ दिसावी म्हणून बाहेरून तासत बसलं, तर सगळ्यात कामाचा भागच निघून जातो. जाड बांबू चिरून केलेल्या कामटीत तर एक बाजू सालीची आणि दुसरी आतली. म्हणून कामटीची काडी एकदा मोजायची, मग ९० अंश फिरवून पुन्हा मोजायची. दोन आकडे वेगळे येऊ शकतात, आणि खाच कुठल्या बाजूने पाडायची ते त्यावरून ठरतं. अख्ख्या बारीक बांबूत हा प्रश्न कमी, पण तो बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळता होतो आणि मध्ये पेरं येतात.

४. मावळ का?

'मी इथे राहतो म्हणून' हे उत्तर आरआरसीसमोर चालत नाही. ठिकाणाची निवडही प्रश्नातून यायला हवी.

मावळ तालुक्याची रचना बघा. पश्चिमेला घाटमाथ्यावर लोणावळा, जिथे वर्षाला ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरवर तळेगाव, जिथे पाऊस कितीतरी कमी. मध्ये अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही खोरी. एवढ्याशा अंतरात पाऊस इतका बदलतो आणि बांबू मात्र दोन्हीकडे आहे. निसर्गाने प्रयोग मांडूनच ठेवला आहे म्हणा ना. जास्त पावसातला बांबू आणि कमी पावसातला बांबू यांच्या काडीत फरक पडतो का, हा प्रश्न इथे विचारता येतो. सपाट, एकसारख्या पावसाच्या प्रदेशात तो विचारता येणार नाही.

जातींचं काय? सह्याद्रीच्या या पट्ट्यात बांबूच्या दोन-तीन जातींशी गाठ पडते. एक काटेरी, जाड कळक, शास्त्रीय नाव बांबुसा बांबोस. दुसरा मानवेल, डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, जाड भिंतीचा, बऱ्याचदा जवळजवळ भरीव. आणि बारीक काठीचा चिवा किंवा चिवारी, जो स्यूडोऑक्सिटेनॅन्थेरा या गटात धरतात. कोकणात उतरलं की मेस आणि माणगा ही नावं कानावर येतात. स्थानिक नाव गावागणिक बदलतं, म्हणून फक्त नावावर विसंबू नका. बांबू फुलतो काही दशकांनी एकदा, त्यामुळे फुलावरून ओळख पटवायची सोय नाही. कोंबावरचं आवरण, पानं, पेराचा तुकडा, फोटो असा नमुना जमवून तज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्या आणि तो नमुना जपून ठेवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. या बाबतीत आपण नशीबवान आहोत.

बांबूकामाचा इतिहासही या जिल्ह्यात आजकालचा नाही. जुन्नरच्या लेण्यांतल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे त्यांच्या संघटनेचा, उल्लेख आहे. आजही पुणे शहरात बुरूड आळी आहे.

५. नमुना : दहा काड्या म्हणजे दहा नमुने नव्हेत

आता नीट लक्ष द्या, कारण व्हायवामध्ये सगळ्यात जास्त विद्यार्थी इथे अडकतात.

बांबूचं बेट हे बहुधा एकाच रोपाच्या जमिनीखालच्या खोडातून वाढलेलं असतं. वरून पन्नास काठ्या दिसल्या तरी त्या एकाच झाडाची अंगं, जनुकीयदृष्ट्या सारखी. समजा, तुम्ही लोणावळ्याजवळच्या एका बेटातून ३० काड्या घेतल्या, तळेगावजवळच्या एका बेटातून ३० घेतल्या, आणि टी-टेस्ट लावून जाहीर केलंत की पावसामुळे फरक पडतो. परीक्षक विचारतील: "हा फरक पावसाचा कशावरून? दोन बेटांचा का नाही?" याला उत्तर नसतं. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नाव दिलं. आपण त्याला 'आभासी पुनरावृत्ती' म्हणू.

योग्य मांडणी अशी असेल: प्रत्येक पट्ट्यात, एकमेकांपासून दूर असलेली, एकाच जातीची किमान पाच बेटं. प्रत्येक बेटातून तीन काठ्या. प्रत्येक काठीतून दोन काड्या. दोन पट्टे मिळून ६० काड्या झाल्या, पण पावसाच्या प्रश्नासाठी तुमचे स्वतंत्र नमुने पट्ट्यामागे पाचच आहेत. ६० हा आकडा बघून हुरळून जायचं नाही. पाच कमी वाटत असतील तर बेटं वाढवा, त्याच बेटातल्या काड्या नाही.

शिवाय बाकीच्या गोष्टी सारख्या ठेवाव्या लागतील. काठीचं वय: कोवळी, त्याच वर्षीची काठी वाळताना आकसते, तीन-चार वर्षांची पक्व झालेली असते. तोडीचा महिना. वाळवण्याचा काळ. पेरांची संख्या. सरळ करताना दिलेला शेक, कारण निखाऱ्यावर शेकल्यावर बांबू मऊ होऊन हवा तसा वळतो आणि थंड होताना तोच आकार धरतो. आणि हवेतली ओल. ओल वाढली की बांबूचा ताठपणा कमी होतो. म्हणून एका काडीचा आकडा लोणावळ्यात ऑगस्टमध्ये घेतला आणि दुसरीचा तळेगावात मार्चमध्ये, तर तुम्ही बांबू मोजला नाही, पावसाळा मोजला. खरं तर त्याच काड्या दोन्ही ऋतूंत मोजल्या, तर तो स्वतःच एक छान प्रश्न होतो.

६. हाताला जे कळतं ते

मावळात कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी समाजाच्या वस्त्या आहेत. कातकऱ्यांच्या जुन्या शिकारीच्या साधनांत गलोल, फासे यांच्याबरोबर तिरकमठाही होता. ज्यांनी काड्या निवडल्या त्यांच्याकडे डायल गेज नव्हता. तरी काम चालत होतं. मग ते काय बघत होते? बोटांवर तोलून बघत होते का, वाकवून सोडून बघत होते का, आवाज ऐकत होते का?

इथे दोन टोकांच्या वृत्ती दिसतात. एक म्हणते, पूर्वजांचं सगळं बरोबरच होतं. दुसरी म्हणते, अंदाजपंचे होतं. संशोधकाने या दोन्ही बाजूला ठेवून तपासणी मांडायची. समजा, एखाद्या जाणत्या माणसाला २० काड्या दिल्या आणि सगळ्यात मऊपासून सगळ्यात ताठपर्यंत क्रम लावायला सांगितलं. काड्यांवर फक्त खुणेचे आकडे. मापं त्यांनाही माहीत नाहीत आणि समोर बसलेल्या तुम्हालाही नाहीत. मग तुमच्या उपकरणाने लावलेला क्रम आणि त्यांचा क्रम जुळवून बघायचा. त्यासाठी स्पिअरमनचा क्रम-सहसंबंध गुणांक आहे, १९०४ सालापासून वापरात. तोच खेळ बाण कधी हातात न घेतलेल्या माणसांकडूनही करून घ्यायचा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणि समजा, जाणत्याचा क्रम तुमच्या उपकरणाशी जुळला नाही, तर लगेच 'चुकलं' असं लिहू नका. आधी विचारा, की ते ताठपणाच लावत होते का? कदाचित ते वजन, निमुळतेपणा आणि ताठपणा एकत्र धरून 'उडेल कशी' ते लावत असतील. मग तुमचा चलच चुकीचा निवडलेला असेल. अशा वेळी काड्यांना टोकं आणि पिसं लावून प्रत्यक्ष निशाण्यावर कोणता क्रम खरा ठरतो ते बघायचं.

असाच दुसरा समज: बांबू अवसेला तोडला की किडत नाही. हसून सोडून देऊ नका आणि तसाच छापूही नका. बांबूत कीड लागते ती मुख्यतः आतल्या पिठूळ अंशासाठी, आणि तो ऋतूनुसार कमी-जास्त होतो. म्हणून पावसाळ्यानंतर, थंडीत तोडणं बरं, याला कारण आहे. पण चंद्राचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर एकाच थंडीत, त्याच बेटांतून, अवसेला आणि पुनवेला तोडून शेजारी शेजारी ठेवावं लागेल. अशी मांडणी सुचली की समजा, तुम्हाला गृहीतक लिहिता येऊ लागलं.

७. ज्ञान कोणाचं आणि ते माणूस कुठे आहे?

वेळापत्रकाचा एक प्रश्न कुठल्याही पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. बांबू तोडायचा चांगला काळ थंडीचा. आणि दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर कामाला बाहेर पडतात ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे ज्या महिन्यात काडी निवडायची, त्याच महिन्यात ती निवडू शकणारा माणूस वाडीवर नसण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यात तो भेटेल, पण तेव्हा ताजा, तोडण्याजोगा बांबू समोर नसेल आणि आवणीचे दिवस असतील. हे ज्ञान पुढच्या पिढीकडे का जात नाही याचं एक कारण कदाचित इथेच सापडेल, मुलांना रस नाही असं म्हणून मोकळं होण्याआधी. तुमच्या फील्डवर्कचा तक्ता विद्यापीठाच्या सत्रावर नाही, या स्थलांतरावर बेतावा लागेल. आणि त्यांचा दिवस घेतलात तर त्या दिवसाची मजुरी बुडते, हे बजेटमध्ये धरा.

कातकरी हा महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. काय विचारणार, फोटो कुठे छापणार, नाव घालायचं की नाही, हे त्यांच्या बोलीत समजावून सांगायचं आणि 'नको' म्हटलं तर थांबायचं. शिकारीबद्दल विचारताना तर दुप्पट जपून. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार शिकार गुन्हा आहे. तुमच्या प्रबंधातल्या एका वाक्याने कुणाच्या दारात वनखात्याची जीप उभी राहू शकते. काडी निवडण्याची रीत विचारण्यासाठी 'तुम्ही काय मारलंत' हे विचारायची गरजच नाही.

बांबूचा कायदाही बघून ठेवा. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये बांबू 'झाड' या व्याख्येत होता. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून वगळला गेला. वनहक्क कायदा २००६ ने बांबूला गौण वनोपज मानलं आणि त्यावर वनवासींचा हक्क मान्य केला. विद्यार्थ्यासाठी सरळ मार्ग म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावरच्या बेटातून, त्याच्या परवानगीने आणि पैसे देऊन काठ्या घेणं. वनक्षेत्रातून घ्यायच्या असतील तर आधी वनविभागाची लेखी परवानगी. पिसं कोंबडीची वापरा. मोर हा कायद्याने सर्वाधिक संरक्षण असलेल्या पक्ष्यांत आहे, त्याच्या पिसांचा नाद नको.

जुनी हत्यारं बघायची असतील तर पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. परवानगी घेऊन बाण बघा, मोजा, जात ओळखा. संग्रहालयातली वस्तू वाकवायची मात्र नसते.

८. याचा उपयोग काय?

हा प्रश्न सिनॉप्सिसमध्ये येणारच. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत 'इंडियन राऊंड' नावाचा प्रकार आहे, त्यात बांबूचं धनुष्य आणि बांबूचे बाण वापरतात. महागडं रिकर्व्ह किंवा कंपाउंड धनुष्य ज्यांना परवडत नाही अशी खेड्यापाड्यातली, आश्रमशाळांतली मुलं बऱ्याचदा इथून सुरुवात करतात. त्या मुलाच्या बारा बाणांचा स्पाइन बारा तऱ्हेचा असेल, तर तो कितीही नीट नेम धरो, गट जमणार नाही. आणि त्याला वाटेल की आपलाच हात वाईट. दोन टेकू, एक किलोच्या आतलं वजन आणि एक मोजपट्टी यांवर गावच्या प्रशिक्षकाला काड्या गटवार लावता आल्या, तर ते काम प्रबंधाच्या कपाटाबाहेर पडेल.

प्रयोग करणार असाल तर एक सूचना, तिच्यात तडजोड नाही. प्रत्येक बाण सोडण्याआधी काडी हाताने हलकेच वाकवून, फिरवून बघा आणि कान द्या. कडकड ऐकू आली किंवा उभी भेग दिसली तर ती काडी मोडून टाका. भेगाळलेली बांबूची काडी धनुष्य सोडताना फुटली तर तिचा सळ धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.

आता वरचं सगळं एका वाक्यात आणून बघू. "मावळ तालुक्यातील जास्त आणि कमी पावसाच्या पट्ट्यांत वाढलेल्या एकाच जातीच्या, समान वयाच्या बांबूच्या काड्यांच्या स्पाइनमध्ये फरक आहे का, आणि अनुभवी कारागिरांनी हाताने लावलेला क्रम त्या स्पाइनशी किती जुळतो?" हा प्रश्न 'मावळातली पारंपरिक धनुर्विद्या : एक अभ्यास' या शीर्षकापेक्षा लहान आहे. पण याचं उत्तर तीन वर्षांत मिळू शकतं, आणि 'नाही' असं आलं तरी ते उत्तरच असेल.

तुमच्या विषयातही अशी एखादी काडी असणार. ती शोधा, तिची कार्यकारी व्याख्या पाच ओळींत लिहा आणि मोजायचा एकच चल निवडा. पुढच्या लेखात नमुन्याची संख्या कशी ठरवायची ते बघू. तेव्हा हीच पाच बेटं पुरतात की पंधरा लागतील, हे आकडेमोड करून ठरवू.